पोल जाम झालाय, निघत नाही! गोव्यातल्या घरगुती डान्स पोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पर्वरीला राहते आणि घरच्या हॉलमध्येच पाच-सहा जणींना पोल शिकवते. वर्षभर मला गिरक्यांबद्दल, पकडीबद्दल, मांडीवरच्या काळ्यानिळ्या डागांबद्दल विचारलं जातं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आली की मात्र सगळ्यांचा प्रश्न एकच होतो: "हॉलमध्ये गणपती बसवायचाय, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट) बांधायचीय आणि पोल निघत नाही!" त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबाने उभ्या राहणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पोलसाठी आहेत. स्क्रू नेमके कुठे आहेत ते कंपनीगणिक बदलतं, त्यामुळे पोलसोबत आलेली पुस्तिका रद्दीत गेली नसेल तर ती आधी शोधा.

नक्की काय अडकलंय, हे कसं ओळखायचं?

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. खालून सुरुवात करा. जमिनीवरचा बेस, त्यावरचा आटे असलेला उंची कमी-जास्त करायचा भाग, मधला सांधा, छत उंच असेल तर वरचं एक्स्टेंशन आणि त्याचा सांधा, आणि शेवटी छताला टेकलेली थाळी. अडकण्याच्या जागा एवढ्याच. फिरणारा पोल असेल तर त्यात बेअरिंगची भर.

सांध्यापाशी काय दिसतं? तांबूस-तपकिरी रेघ असेल तर लोखंडाचा गंज. पांढरी, पिठासारखी भुकटी असेल तर आतला भाग अॅल्युमिनियमचा असणार. पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की आधी अॅल्युमिनियम कुजतं. त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून सांधा आतून फुगल्यासारखा घट्ट बसतो. यातलं काहीच दिसत नसेल तर बहुधा पोल गंजलेला नाही, तो फक्त दाबाखाली आहे. मला येणारे निम्म्याहून जास्त फोन या शेवटच्या प्रकारचे असतात. लोक सांध्याशी झटापट करत असतात आणि खाली दाब तसाच असतो.

सांध्याचे स्क्रू सैल केले, तरी दोन नळ्या वेगळ्या होत नाहीत. आता?

आधी माझा प्रश्न: पोल अजून उभाच आहे ना? असेल तर सांध्यावरचा हात काढा. उभ्या पोलच्या सांध्यावर छताचा दाब आणि वरच्या नळीचं वजन दोन्ही असतं. तो सुटत नाही हे तुमचं नशीब, कारण सुटला तर वरची नळी डोक्यात येईल. आधी बेसपाशी दाब काढायचा, दुसऱ्या कुणीतरी पोल धरून ठेवायचा, मग तो अख्खा आडवा करून सतरंजीवर घ्यायचा. सांध्याची पाळी त्यानंतर. हॉल लहान असेल आणि पोल आडवा होत नसेल तर दार उघडून त्याचं एक टोक गॅलरीत जाऊ द्या. शेजारी बघतील, बघू द्या.

आता आत काय आहे ते समजून घ्या. बहुतेक पोलमध्ये सांधा म्हणजे नळीच्या आत बसणारा धातूचा ठोकळा असतो. त्याला दोन फाका आणि मधे पाचर. स्क्रू आवळला की पाचर आत ओढली जाते आणि फाका नळीला आतून दाबून धरतात. लोकांना वाटतं, स्क्रू सैल केला म्हणजे झालं. पण कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर कधी आपणहून बाहेर येते का? तिला टोला लागतो.

म्हणून स्क्रू तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. पूर्ण काढला तर आतली पाचर निसटून नळीत खुळखुळत बसते. उलट, डोकं नळीच्या भोकातून अर्धवट बाहेर आलं असेल तर तोच स्क्रू खुंटीसारखा अडतो, तेव्हा ते पृष्ठभागाच्या आतच राहू द्या. एलन की (षटकोनी टोकाची किल्ली) स्क्रूतच ठेवून तिच्या टोकावर रबरी हातोड्याने हलके टोले मारा. पाचर सुटली की 'टक्' असा आवाज येतो आणि स्क्रू एकदम मोकळा वाटतो. मग सांध्याभोवती नळीवर चारही बाजूंनी रबरी हातोड्याने टकटक करा. लोखंडी हातोडी नको, खळगा पडला तर आतला ठोकळा जन्मभर तिथेच.

यानंतर दोघांनी दोन टोकं धरायची आणि थोडं इकडे, थोडं तिकडे पिळत वेगळी करायची. नुसती ओढू नका. पहिल्या वर्षी दादाने आणि मी रस्सीखेच खेळल्यासारखा पोल ओढला होता. तो सुटला तेव्हा दादा थेट शोकेसवर गेला आणि काजूच्या दोन बरण्या फुटल्या. आईला बरण्यांचं दुःख जास्त झालं.

हात सटकत असतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून नळीला गुंडाळा, पकड चांगली येते. प्लंबरचा दातेरी पाइप पाना मात्र लावायचा नाही. तो सांधा सोडवेल, पण त्याच्या दातांचे ओरखडे पुढे तुमच्या मांडीला सोलून काढतील.

एलन की स्क्रूमध्ये गरगर फिरते. स्क्रूचं तोंड गेलंय का?

कदाचित गेलं नसेल. आधी सुईने किंवा टूथपिकने ते षटकोनी भोक साफ करा. खडूची पूड, घाम आणि धूळ यांचा थर तळाशी बसतो, की पूर्ण आत जात नाही आणि वरवर फिरते. मग कीचं माप बघा. ५ मिलिमीटरच्या भोकात ३/१६ इंचाची कीसुद्धा बसते, पण ती ४.७६ मिलिमीटर असते. एवढ्याशा फरकानेच कोपरे झिजतात. बाजारात मिळणाऱ्या मिश्र संचात दोन्ही असतात, म्हणून कीवरचा आकडा वाचा. गोल टोकाची की घट्ट स्क्रू सोडवायला वापरू नये, सरळ टोकाची घ्या.

कोपरे खरंच झिजले असतील तर किंचित मोठा चांदणीच्या आकाराचा बिट हलकेच ठोकून बसवा आणि त्याने फिरवून बघा. तेही जमलं नाही तर ड्रिलने स्क्रू काढावा लागेल. ते घरी करू नका, एवढंच सांगते.

खाली फिरवतोय, पण पोल खाली येतच नाही.

तीन शक्यता. एक, तुम्ही उलट्या दिशेने फिरवताय. वाकून, खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत डावं-उजवं सगळ्यांचंच चुकतं, मी आजही चुकते. आट्यांवर खडूने रेघ मारा, पाव फेरा फिरवा आणि बघा: आटे जास्त दिसू लागले तर पोल उंच होतोय, थांबा. बरेच जण "जाम झालाय" म्हणत जोर लावतात आणि प्रत्यक्षात छतात आणखी दाब भरत असतात. स्लॅबला तडा जाण्याची गोष्ट इथूनच सुरू होते.

दोन, लॉकचे बारीक स्क्रू सैल केलेले नाहीत. ते कॉलरमध्ये लपलेले असतात, बोट फिरवून शोधा.

तीन, पोल फिरता ठेवलाय. मग तो बेअरिंगवर छान गिरकी घेतो आणि आटे तिथल्या तिथे राहतात. बहुतेक मॉडेलमध्ये पोल आधी स्थिर करावा लागतो, मगच आटे सुटतात.

घरात खोबरेल आहे, तेच घालू का?

नको. खोबरेल पातळ वाटतं, पण गंजाच्या फटीत शिरत नाही, आणि पुढे चिकट, खवट होऊन बसतं. ते केसांना लावा. रॉकेलही नको. गंज सोडवणारं तेल वेगळं मिळतं. डब्ल्यूडी-४० आता गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही असतं. नळीच्या फटीत पातळ नळीने दोन-तीन थेंब सोडा, चारी बाजूंनी टकटक करा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी पुन्हा. खऱ्या गंजाला दोन दिवससुद्धा लागतात, चवथीच्या आदल्या रात्री बाटली उघडून उपयोग नाही.

यातली धोक्याची बाजू अशी की तेल पोलवर पसरतं. तेलकट पोलवर उलटं लटकलात तर सरळ डोक्यावर याल. काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सर्जिकल स्पिरिटने नळी दोनदा पुसा, खिडक्या उघड्या, समई-उदबत्ती दूर. मग कोरड्या हाताने घासून बघा, सर्रकन गेला तर पुन्हा पुसा. सिलिकॉनचं आवरण असलेल्या पोलला फक्त साबणाचं पाणी.

मल्लखांबाला तर एरंडेल चोळतात. मग पोलला तेल का चालत नाही?

हा प्रश्न दर वर्षी एखादे काका विचारतातच, आणि चांगला प्रश्न आहे. मल्लखांब लाकडाचा, सागाचा किंवा शिसवीचा, आणि तळाशी जाड, वर निमुळता. लाकडावर उघडी कातडी घासली तर सोलून निघते, एरंडेलाने ते घर्षण कमी होतं आणि पकड मुख्यतः पायांच्या आणि हातांच्या विळख्यातून येते. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात ही विद्या उभी केली तेव्हापासूनचा हा हिशोब आहे. पोल गुळगुळीत धातूचा, साधारण ४५ मिलिमीटर जाडीचा. त्यावर कातडीच धातूला चिकटवून लटकायचं असतं. म्हणून तर आम्ही भर थंडीत अर्ध्या चड्डीत असतो. ते फॅशन म्हणून नसतं हो.

तसं बघितलं तर खांबावर चढणं आपल्याकडे नवं नाही. माडावर चढणाऱ्या पाडेलीला कुणी विचारत नाही की हे काय नवीन.

नळी गरम केली तर सुटेल का?

कधी कधी. बाहेरची नळी हेअर ड्रायरने चार-पाच मिनिटं तापवली तर ती आतल्या ठोकळ्याआधी फुगते. फुगणं किती, तर ४५ मिलिमीटरची स्टेनलेस नळी ४० अंशांनी तापली तर मिलिमीटरचा साधारण तीन शतांश भाग. डोळ्यांना दिसणार नाही, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. मात्र आधी तेल मारलं असेल तर तापवू नका, पेट घेईल. आणि गॅसची शेगडी किंवा वेल्डरची बत्ती? कधीच नाही. क्रोमचा थर निळा पडतो आणि सोलतो.

मग मे महिन्यातल्या उन्हाने पोल फुगून छतात अडकला असेल का?

नाही. नऊ फुटांचा साधा पोलादी पोल दहा अंशांनी तापला तर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, आणि काँक्रीटही जवळपास तेवढंच वाढतं.

छताची थाळी रंगाला चिकटली आहे. ओढली तर रंगाचा पोपडा येईल ना?

येईल. पावसाळ्यात रबर आणि प्लास्टिक इमल्शनचा रंग एकमेकांना धरून बसतात. थाळीच्या कडेने रंग पातळ पात्याने गोल कापून घ्या, मग गळाची तंगूस दोन्ही हातांनी ताणून थाळीच्या मागून करवतीसारखी ओढा. खाली पोल धरायला एक माणूस हवाच, कारण थाळी सुटली की पंधरा-वीस किलोंचा ऐवज मोकळा होतो. पुढच्या वेळी मधे मेणकागदाचा तुकडा घालायची कल्पना कुणाला सुचेल. नको, तो सरकतो.

खालचा बेस फरशीला चिकटला असेल तर कडेने साबणाचं पाणी सोडा, दहा मिनिटांनी एका जागी किंचित फिरवा. फरशीच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर टेकवून उचकटू नका.

पोल उभा आहे, पण फिरत नाही. फिरवला तर करकरतो.

स्थिर ठेवणारा स्क्रू पूर्ण मागे घेतलाय का? अर्धवट असेल तर तो आत घासतो, करकर तिथूनच येते. तो ठीक असेल तर पोल सरळ उभा आहे का ते ओळंब्याने किंवा लेव्हलने दोन बाजूंनी तपासा. तिरका पोल फिरताना एका बाजूला दाबतो. फार आवळलेला पोलही जड फिरतो.

आणि मग केस. हसू नका, मी माझ्या बेसमधून केसांचं बोटभर भेंडोळं काढलं आहे. पाच-सहा मुली वर्षभर जमिनीलगत गिरक्या घेतात, केस बेअरिंगच्या फटीत जातात आणि दोऱ्यासारखे गुंडाळले जातात. चिमट्याने काढा. बेअरिंगच गंजलं असेल, हाताने फिरवल्यावर वाळू दळल्यासारखं लागत असेल, तर तेल घालून वेळ मारून नेऊ नका, बदला. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो दाखवला की दुचाकीचे सुटे भाग विकणाऱ्याकडेही जोड मिळू शकते.

पावसात पोलला दोरी बांधून कपडे वाळत घातले तर काय होतं?

हे वाचून ज्या गप्प बसल्या त्यांच्यासाठीच हे उत्तर आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात कपडे वाळत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत, आणि हॉलमध्ये एक भक्कम खांब उभा. मोह होणारच. माझ्या मावशीने तर खिडकीच्या गजापासून पोलपर्यंत दोरी बांधून चादरी टाकल्या होत्या.

पण हा पोल वर-खाली दाबाने उभा असतो, आडवी ओढ त्याला सोसत नाही. ओल्या चादरीच्या वजनाने थाळी रोज केसभर सरकते आणि तुम्हाला कळत नाही. दुसरं, चादरीतलं पाणी नळीवरून ओघळत थेट सांध्यात जातं आणि तिथेच राहतं. गंजलेल्या सांध्यांचे मी जे पोल पाहिले, त्यांच्यातल्या निम्म्यांवर दोरीची खूण होती. मावशीचाही त्यात आला. आम्ही तो पोल चवथीला काढूच शकलो नाही, शेवटी त्यालाच आंब्याची पानं आणि झेंडू बांधून मखराचा खांब केला. पाहुण्यांना फार आवडलं.

समुद्राजवळ राहतो. स्टेनलेसचा पोल घेतला तर ही कटकट संपेल?

कमी होईल, संपणार नाही. नेहमीचं ३०४ जातीचं स्टेनलेस खाऱ्या वाऱ्यात चहाच्या डागासारखं तपकिरी होतं. ३१६ त्याहून टिकतं, पण पोलमध्ये क्वचितच मिळतं. शिवाय नळी स्टेनलेसची असली तरी आतला सांधा आणि स्क्रू साध्या धातूचे असू शकतात, आणि अडकतं तेच. क्रोमचा मुलामा जोवर शाबूत आहे तोवर उत्तम. बारीक छिद्रं पडली की खालचं लोखंड फुलायला लागतं. हलके डाग अॅल्युमिनियम फॉइल ओली करून चोळली की जातात. तारेची घासणी लावू नका, तिचे लोखंडी कण नळीत रुततात आणि तेच पुढे गंजतात. मुलामा सोलून कडा वर आल्या असतील तर पोल बाद.

आमचं जुनं घर आहे, मंगळुरी कौलांचं. पोल बसवता येईल?

दाबाचा पोल नाही. कौलं, वासे किंवा खालची लाकडी तक्तपोशी हा दाब घेण्यासाठी नसतात. फ्लॅटमधल्या पीओपीच्या छतालाही तेच लागू. टिचकी मारून पोकळ आवाज आला तर तिथे थाळी टेकवायची नाही. अशा घरांसाठी स्वतःच्या रुंद बैठकीवर उभा राहणारा पोल असतो, त्याला जागा मात्र अंगणाएवढी लागते.

सगळं करून पाहिलं, नाही निघत. कुणाला बोलवू?

प्लंबरला नको, तो पाइप पाना घेऊन येईल. लेथवाला शोधा. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे असे कारागीर सापडतात. आडव्या स्थितीत पोल निघत असेल तर तो तसाच टेम्पोत घालून न्या. माझा सगळ्यात हट्टी सांधा मात्र बोटीच्या इंजिनांची कामं करणाऱ्या एका मामांनी सोडवला. खाऱ्या पाण्यात धरलेले नट सोडवणं त्यांचं रोजचंच. त्यांनी जोर लावलाच नाही. तेल सोडलं, टकटक केलं, चहा प्यायले, पुन्हा टकटक केलं. तासाभराने हाताने पिळला आणि सुटला. "हे काय आहे?" म्हणून विचारलं. व्यायामाचं आहे म्हटलं. "मग रोज फिरवत जा," म्हणाले.

पुन्हा अडकू नये म्हणून काय करायचं?

मेच्या शेवटच्या आठवड्यात पोल एकदा पूर्ण काढा. सांधे सुक्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा, स्क्रूच्या आट्यांना तांब्याची पूड घातलेलं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस हरभऱ्याएवढं लावा. फक्त आट्यांना! सांध्याच्या बाहेरच्या अंगाला ग्रीस लागलं तर तो नळीत घसरेल, कारण तो घर्षणावरच उभा असतो. बेसच्या आट्यांनाही पातळ हात फिरवा. पुन्हा उभारणार नसाल तर नळ्या वेगवेगळ्या ठेवा, टोकं उघडी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नाही. प्लास्टिकच्या आत ओल साचते आणि ऑक्टोबरमध्ये उघडलं की रडू येतं.

विसर्जन झालं, पोल परत उभा केला. लगेच नाचायला हरकत नाही ना?

आज नाही. उभा करून लेव्हल बघा, दाब द्या, रात्रभर ठेवा. सकाळी आटे पुन्हा तपासा, बहुधा पाव फेरा आवळावा लागतो. मग दोन्ही हातांनी धरून जमिनीपासून वीतभर वर लटका, झटका द्या, थाळीकडे बघा. हलली नाही तर वॉर्म-अप करा. आणि माटोळीचा हूक तिथेच जवळ छताला असेल तर पाय वर फेकण्याआधी एकदा मान वर करून बघा.